छंद इतिहासाचा, भान मर्यादेचे

नाशिकच्या कॉलेज रोडवर संध्याकाळच्या वेळी तरुण मुलामुलींचे घोळके जमतात. परीक्षा, नोकऱ्या आणि क्रिकेट यांपलीकडे त्यांच्या गप्पा जात नाहीत, असा वडीलधाऱ्यांचा समज असतो. पण त्या गप्पा जरा कान देऊन ऐकल्या तर त्यांत छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई, थोरले बाजीराव, माधवराव आणि रमाबाई, राघोबादादा आणि आनंदीबाई यांचीही नावे येतात. एखाद्या मुलीच्या चित्रवहीत शंभूराजांचे पेन्सिलीने काढलेले रेखाचित्र असते आणि ते डोळे जमले की नाहीत यावर मैत्रिणींचा वाद रंगतो. शनिवारवाड्यात भ्रमणध्वनी असता तर राघोबादादांनी सर्वांत आधी कोणाला गटातून काढले असते, यावर पैजा लागतात. सोयराबाईंचा रुसवा, नाना फडणविसांचा सावधपणा, मल्हारराव होळकरांचा रोखठोक स्वभाव यांवर कोट्या होतात आणि हास्याचे फवारे उडतात.

या मुलांना हा इतिहास प्रथम भेटला तो पडद्यावर. २००८ साली आलेली ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका, २०१७ ते २०२० या काळात घराघरांत पाहिली गेलेली ‘स्वराज्यरक्षक संभाजी’, २०१४चा ‘रमा माधव’, २०२२चा ‘पावनखिंड’ आणि २०२५चा ‘छावा’ यांनी एका संपूर्ण पिढीच्या मनात मराठ्यांच्या इतिहासाची चित्रे उभी केली. शालेय पाठ्यपुस्तकांनी ज्या पराक्रमाला मोजकी पाने दिली, त्याला या कलाकृतींनी रंग, रूप आणि आवाज दिला. त्या प्रभावातून चित्रे काढणारी, वेशभूषा करणारी, त्या व्यक्तिरेखांविषयी तासन्‌तास बोलणारी तरुण मंडळी आज गावोगाव आहेत.

या छंदाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा समाजात दिसतात. काहींना हा निव्वळ पोरखेळ वाटतो. काहींना त्यात राष्ट्रपुरुषांचा अवमान दिसतो आणि त्यांचा हात लगेच निषेधाच्या पत्रकाकडे जातो. या दोन्ही तऱ्हा अपुऱ्या आहेत. ज्याला इतिहासाचे प्रेम आहे अशा प्रत्येक कुटुंबाने आणि प्रत्येक कार्यकर्त्याने या छंदाचा अधिक गांभीर्याने विचार करणे आवश्यक आहे. कारण प्रश्न चार चित्रांचा आणि दोन विनोदांचा नाही. पुढच्या पिढीच्या मनात राष्ट्रपुरुषांची कोणती प्रतिमा राहणार आणि ती कोण घडवणार, हा खरा प्रश्न आहे.

नाशिकची जुनी वाट

इतिहास आणि पुराण यांच्याशी रंगमंचावरून आणि पडद्यावरून खेळण्याची परंपरा नाशिकला नवी नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरी झाला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात काम केलेल्या या कलावंताने देवादिकांची चित्रे आधी कागदावर उमटताना पाहिली आणि मग ती पडद्यावर हलती केली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यावर त्यांनी आपले बिऱ्हाड आणि चित्रनिर्मिती नाशिकला हलवली. १९१७ साली आलेल्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर प्रभू रामचंद्र अवतरताच प्रेक्षक हात जोडत, अशी आठवण चित्रपटाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. पडद्यावर नट आहे हे त्या प्रेक्षकांना ठाऊक नव्हते असे नाही. नटामागे जो उभा आहे, त्याला तो नमस्कार होता.

कॉलेज रोडवरच्या ज्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयाच्या आसपास आज हे घोळके जमतात, तेथेच प्रा. वसंत कानेटकर इंग्रजी शिकवत असत. नाशिकमध्ये बसून त्यांनी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ हे नाटक लिहिले. १९६२ साली ते रंगमंचावर आले आणि डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या संभाजीने महाराष्ट्राला वेड लावले. त्यांच्या प्रवेशाला टाळ्या पडत, त्यांच्या लकबींची नक्कल महाविद्यालयीन तरुण करीत आणि त्यांची छायाचित्रे जपून ठेवली जात. आजच्या तरुणाईच्या छंदाला नाके मुरडणाऱ्या कित्येक आजीआजोबांनी तारुण्यात याच वेडाचा अनुभव घेतलेला आहे, हे त्यांनी विसरू नये. याच नगरीत कुसुमाग्रजांनी थोरल्या बाजीरावांवर ‘दुसरा पेशवा’ आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंवर ‘वीज म्हणाली धरतीला’ ही नाटके मराठी रंगभूमीला दिली.

आणखी मागे गेले तर तिळभांडेश्वराच्या गल्लीत पाऊल थबकते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ‘मित्रमेळ्या’ची तरुण मुले जमत. तात्याराव सावरकरांनी सिंहगडाचा आणि बाजीप्रभूंचा पोवाडा रचला. पायांनी अधू असलेल्या कवी गोविंदांनी आपल्या कवनांनी त्या मुलांच्या अंगावर रोमांच उभे केले. शिवजयंतीच्या आणि गणेशोत्सवाच्या मेळ्यांत ती कवने गायली जात. परकीय सत्तेला त्या गाण्यांतला धोका बरोबर कळला. सावरकरांचे पोवाडे जप्त झाले आणि कवितांची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल १९०९ साली बाबाराव सावरकरांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावण्यात आली. गल्लीतल्या पोरांचा इतिहासाशी चाललेला खेळ किती दूरवर जाऊ शकतो, याचे यापेक्षा जळजळीत उदाहरण शोधूनही सापडणार नाही. तेव्हा आजच्या मुलांच्या हातातील चित्रवहीला पोरखेळ म्हणण्याआधी नाशिककराने तरी चार वेळा विचार करावा.

हसू जवळिकीचे आणि हसू हेटाळणीचे

चित्रे ठीक, पण थट्टामस्करीचे काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. ज्यांच्यापुढे मस्तक नमवायचे, त्यांच्यावर कोट्या कशा करायच्या? ही शंका प्रामाणिक आहे आणि तिला तितकेच प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे.

हिंदू परंपरेने हसण्याला कधी पाप मानले नाही. गौळणीत पेंद्या आणि मावशी श्रीकृष्णाची यथेच्छ फिरकी घेतात आणि तोच प्रेक्षक त्याच रात्री त्याच कृष्णाची आरतीही म्हणतो. एकनाथ महाराजांनी भारुडांत सोंगे आणली आणि हसता हसता परमार्थ शिकवला. नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ पट्ट्यात वनवासी बांधव बोहाड्याच्या वेळी देवदैत्यांचे मुखवटे चढवून रात्ररात्र नाचतात. त्यात भक्ती किती आणि खेळ किती, हे वेगळे काढता येत नाही. दिवाळीत घरोघरी मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, शिखरावर महाराजांना बसवतात आणि पायथ्याशी मावळ्यांच्या शेजारी बिनदिक्कत खेळण्यातली मोटारगाडी उभी करतात. शाखेवरच्या बालांना ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ कोणी शिकवला हे आज सांगता येणार नाही. त्या खेळात छत्रपती मुलांना कान पकडायला, नाक धरायला आणि एका पायावर उभे राहायला सांगतात. आजवर कोणाच्या भावना त्यामुळे दुखावल्या नाहीत. उलट ‘महाराजांची आज्ञा झाल्याखेरीज हलायचे नाही’ हा संस्कार त्या खेळातून नकळत मनावर होतो.

म्हणजे मुले हसतात एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही; ते हसू कोठून येते ते पाहावे लागते. घरातल्या आजोबांच्या विसरभोळेपणावर नातवंडे हसतात ते जवळिकीने. तेच आजोबा आजारी पडले तर तीच नातवंडे रात्रभर उशाशी बसतात. राघोबादादांच्या उतावळेपणावर हसणाऱ्या मुलाला अटकेपर्यंतची १७५८ सालची मोहीम ठाऊक असेल, तर त्याचे हसू हे घरच्या माणसाचे हसू आहे. परंतु ज्याला त्या पुरुषाचे कर्तृत्वच ठाऊक नाही, केवळ त्याची फजिती तेवढी ठाऊक आहे, त्याचे हसू हळूहळू हेटाळणीकडे झुकते. परकीय आणि स्वकीय टीकाकारांनी आपल्या पूर्वजांविषयी जे हसू पसरवले ते या दुसऱ्या जातीचे होते.

म्हणून काही मर्यादा स्पष्ट असाव्यात. बलिदानाच्या प्रसंगावर विनोद नको. तुळापूर-वढूच्या मातीकडे पाहून कोणाला हसू येऊ नये. राजघराण्यातील स्त्रियांची चित्रे काढताना त्या कोणाच्या तरी पूर्वज माता आहेत, हे भान सुटू नये. ‘बाजीराव मस्तानी’ या २०१५ सालच्या चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचवले गेले तेव्हा मराठी मनाला जे खुपले, ते नृत्य नव्हे. त्या घराण्याची रीत, त्या काळाचा संकोच आणि काशीबाईंचे दुःख यांतले काहीही दिग्दर्शकाला दिसले नव्हते, ते खुपले. मुलांना हे नीट समजावून सांगितले तर समजते. केवळ ‘असले काही काढू नका’ म्हटले तर ती काढायची थांबत नाहीत, फक्त वडीलधाऱ्यांना दाखवायची थांबतात.

नटाचा चेहरा आणि नायकाचा चेहरा

या छंदातला खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मुले जे चित्र काढतात ते बहुधा महाराजांचे नसून महाराजांची भूमिका करणाऱ्या नटाचे असते. ‘राजा शिवछत्रपती’मध्ये डॉ. अमोल कोल्हे शिवराय झाले आणि ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये तेच शंभूराजे झाले. पिता आणि पुत्र यांना एकाच नटाचा चेहरा मिळाला. १९८७ साली दूरदर्शनवरच्या ‘स्वामी’ मालिकेत रवींद्र मंकणी माधवराव पेशवे होते. ‘रमा माधव’मध्ये तेच माधवरावांचे वडील नानासाहेब झाले आणि ‘स्वामी’तील रमाबाई, म्हणजे मृणाल कुलकर्णी, गोपिकाबाई झाल्या. नटाचे हे कौतुकच आहे. पण नट उद्या दुसरी भूमिका करतो, जाहिरातीत दिसतो, राजकारणात जातो. त्याच्या चेहऱ्यावर श्रद्धा टांगून ठेवली, तर त्याच्याबरोबर ती श्रद्धाही इकडून तिकडे हेलकावे खाते.

चेहऱ्याबरोबर प्रसंगही फसवतात. पडद्याला दोन-तीन तासांत कथा संपवायची असते. म्हणून तेथे दोन व्यक्तींची एक व्यक्ती होते, दहा वर्षांच्या घटना एका रात्रीत घडतात आणि कोणीतरी एक खलपुरुष हवा म्हणून कोणाच्या तरी माथी सगळे पाप मारले जाते. प्रेक्षक मात्र ते अक्षरशः खरे धरून चालतो. ‘छावा’ पाहिल्यानंतर २०२५च्या मार्चमध्ये मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्री मशाली-बॅटऱ्या घेऊन मोगलांचे सोने शोधण्यासाठी शेते खणू लागले, हे वृत्त साऱ्या देशाने वाचले. त्या बिचाऱ्यांना हसणे सोपे आहे. पण ‘ध चा मा’ झाला ही लोककथा कागदोपत्री सिद्ध झालेले सत्य म्हणून सांगणारे सुशिक्षितही त्याच वाटेचे प्रवासी नाहीत काय?

आणखी एक गोष्ट. चाहत्यांच्या चित्रांतली येसूबाई सदैव नववधू असते. नऊवारी, नथ आणि नजरेतली लाज. रायगड पडल्यावर १६८९ साली ती राणी मोगलांच्या कैदेत गेली आणि १७१९ साली सुटून स्वराज्यात परतली. जवळजवळ तीस वर्षे! छावणीमागून छावणी, परका मुलूख, पतीच्या वधाचे दुःख आणि डोळ्यांसमोर वाढणारे बाळ शाहूराजे. तीस वर्षांनी परतलेल्या त्या वृद्ध राणीचे चित्र कोणी काढले आहे काय? मालिका जेथे संपते, तेथे मुलांची पेन्सिलही थांबते. प्रेम खरे असले तरी ते अर्ध्या वाटेवरच राहते.

बेंद्रे यांची वाट

प्रतिमा चुकीची असेल तर ती दुरुस्त कशी करायची? या प्रश्नाची दोन उत्तरे महाराष्ट्राने पाहिली आहेत.

छत्रपती संभाजी महाराजांची प्रतिमा मराठी साहित्यात दीर्घकाळ मलिन राहिली. बखरकारांचे रागलोभ आणि परकीयांच्या नोंदी यांवर विसंबून नाटककारांनी त्यांना व्यसनी आणि बेताल रंगवले. राम गणेश गडकरी यांचे अपूर्ण राहिलेले ‘राजसंन्यास’ हे त्याच काळाचे अपत्य. गडकरी १९१९ साली गेले. त्यांच्या हाती जी साधने होती त्यांवरच त्यांनी लिहिले. वा. सी. बेंद्रे यांना ती प्रतिमा खटकली. त्यांनी देशोदेशीच्या दफ्तरांतून कागद जमवले, अनेक वर्षे घासूनपुसून पाहिले आणि १९६० साली संभाजी महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. याच बेंद्रे यांनी त्याआधी १९३३ साली शिवछत्रपतींचे अस्सल चित्र समाजापुढे आणले होते. तोपर्यंत भलत्याच इसमाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. आज मुले ज्या चेहऱ्यावरून शिवरायांचे रेखाटन करतात, तो चेहरा एका संशोधकाच्या तपश्चर्येचे देणे आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल?

बेंद्रे यांच्या चरित्रानंतर साहित्याचा सूरही बदलला. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये शंभूराजे पित्याशी झगडणारे, धुमसणारे युवराज होते. त्याच कानेटकरांनी सहा वर्षांनी, १९६८ साली, ‘इथे ओशाळला मृत्यू’ लिहिले आणि औरंगजेबासमोर ताठ मानेने उभे राहणारे धर्मवीर छत्रपती रंगमंचावर आणले. १९७९ साली शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी आली आणि २०२५ साली तिच्यावरचा चित्रपट देशभर गाजला. एका संशोधकाच्या टेबलावरून निघालेला प्रवाह नाटक, कादंबरी आणि चित्रपट असा वाहत मुलांच्या चित्रवहीपर्यंत पोहोचला.

दुसरे उत्तर २०१७च्या जानेवारीत पुण्यात पाहायला मिळाले. ‘राजसंन्यास’चा राग धरून काही जणांनी संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा उखडला. त्याने शंभूराजांच्या चरित्रात एका ओळीची तरी भर पडली काय? हातोड्याने दगड फुटतो, प्रतिमा सुधारत नाही.

ही कानउघाडणी केवळ विरोधकांसाठी नाही. हिंदुत्ववादी कार्यकर्त्यांनीही अंतर्मुख व्हावे असे यात पुष्कळ आहे. एखाद्या चित्रपटाची झलक आली की आंदोलनाची निवेदने निघतात. पण निवेदनावर सही करणाऱ्या किती जणांनी बेंद्रे यांचे किंवा डॉ. कमल गोखले यांचे पुस्तक उघडून पाहिलेले असते? आक्षेप घेणे हा समाजाचा अधिकार आहेच. ‘छावा’च्या झलकेतील लेझीम नृत्यावर आक्षेप आला तेव्हा दिग्दर्शकाने तो प्रसंग वगळला, ते योग्यच झाले. मात्र आक्षेपाला अभ्यासाचे बळ असेल तरच तो टिकतो. दक्षिण कोरियाचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. तेथे ऐतिहासिक मालिकांचे प्रचंड वेड आहे आणि त्या मालिका नाशिकच्या मुलीही आवडीने पाहतात. २०२१च्या मार्चमध्ये तेथील ‘जोसॉन एक्झॉर्सिस्ट’ या मालिकेत राजघराण्याचा विपर्यास केलेला आणि कोरियन काळाच्या चित्रणात चिनी खाद्यपदार्थ व सजावट घुसडलेली प्रेक्षकांना दिसली. त्यांनी आवाज उठवला, जाहिरातदार मागे हटले आणि अवघ्या दोन भागांनंतर मालिका बंद पडली. एकही दगड फेकला गेला नाही. हे सामर्थ्य कोणाचे? ताटातल्या पदार्थावरूनही चूक ओळखणाऱ्या, आपल्या इतिहासावर प्रेम करणाऱ्या जाणत्या चाहत्यांचे. आपल्याकडेही असा चाहतावर्ग घडवायचा असेल तर त्याची बीजे आज चित्रवह्या घेऊन बसलेल्या मुलांमध्येच आहेत.

चित्रवहीपासून गडापर्यंत

ही बीजे रुजवायला मोठ्या योजनांची गरज नाही. नाशिककरांना तर घराबाहेर पाऊल टाकले तरी पुरे. ‘स्वामी’ आणि ‘रमा माधव’ यांनी ज्यांना वेड लावले त्या मुलांना हे सांगावे की गंगापूर रस्त्यावरचे आनंदवल्ली हे नाव आनंदीबाईंवरून आले आहे. राघोबादादा आणि त्या तेथे राहत होत्या. त्याच गोदेच्या काठी, जवळच्याच गंगापुरात, माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी पतीनिधनानंतरचे विरक्त आयुष्य घालवले आणि १७८८ साली त्यांनी पंचवटीत देह ठेवला. नातवाने, म्हणजे सवाई माधवरावांनी, राज्यकारभारात कसे वागावे हे विचारले तेव्हा या आजीने त्यांना उपदेशाची कलमे लिहून पाठवली. मालिकांमध्ये भांडताना दिसणाऱ्या या दोन जावांच्या आठवणी नाशिकच्या एकाच नदीकाठाने जपल्या आहेत. तो काठ पाहिलेली मुलगी पुढच्या वेळी आनंदीबाईंचे चित्र काढील तेव्हा तिच्या रेषेत केवळ कपट उतरणार नाही.

नदीकाठीच नारोशंकराचे मंदिर आहे. त्याची विख्यात घंटा चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई विजयाची खूण म्हणून सांगितली जाते. शहरात पेशव्यांचा सरकारवाडा आहे. जवळच भगूर आहे. या साऱ्या जागा मुलांच्या रोजच्या रस्त्यावर आहेत आणि त्या ओळखीच्या करून देणारा माणूस तेवढा नाही. चित्र हाताने काढणाऱ्याला पाहणे भाग पडते: पगडी कशी बांधली आहे, तलवारीची मूठ कशी आहे, तटाचा दगड कसा बसवला आहे. यंत्राला चार शब्द सांगून क्षणात चित्र मिळवण्याच्या या दिवसांत हा पाहण्याचा संस्कार अधिकच मोलाचा झाला आहे. यंत्र शिवकालीन मावळ्याच्या डोक्यावर पेशवाई पगडीही खुशाल चढवते आणि पाहणाऱ्याला त्यात चूक दिसत नाही. मात्र वस्तुसंग्रहालयात उभे राहून स्वतः रेघ ओढणाऱ्या मुलाला ती चूक दिसते.

पालकांनी काय करावे? मुलाने काढलेले चित्र आधी नीट पाहावे आणि मग विचारावे, हा प्रसंग कोठला, कोणत्या साली घडला, हे कोणी लिहून ठेवले आहे? उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून शोधावे. कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या चित्र काढणाऱ्या मुलांना शिवजयंतीला बोलावून त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावे, मोडी वाचणारा एखादा जाणकार त्यांच्यासमोर बसवावा आणि गडावरच्या सहलीत चित्रवही हे आवश्यक सामान ठरवावे. बौद्धिकातून जे एका तासात सांगितले जाते, ते चित्र काढताना मुलगा आठवडाभर मनात घोळवतो.

शेवटी एक सहल प्रत्येकाने जरूर करावी. नाशिकच्या उत्तरेला, पेठ रस्त्याने गेल्यावर, रामशेज नावाचा एक लहानसा गड आहे. उंचीने बेताचा, दिसायला साधा. दख्खन गिळायला आलेल्या औरंगजेबाने १६८२ साली आपले सैन्य या गडावर पाठवले. चार दिवसांत पडेल असे वाटलेला हा गड वर्षानुवर्षे लढला. एकामागून एक नामांकित सरदार हात हलवत परतले. गडावर दारूगोळा होता, पण लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हा मावळ्यांनी झाडांचे बुंधे पोखरले, त्यांना चामडे लपेटले आणि त्या लाकडी तोफांनी मोगलांना दाद दिली नाही. ही हकीकत मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहून ठेवतो. शंभूराजांच्या कारकिर्दीतले हे तेजस्वी पान नाशिकच्या वेशीपाशी आहे आणि ‘छावा’ तीन-तीनदा पाहिलेल्या कित्येक नाशिककरांनी अद्याप तो गड चढलेला नाही.

रामशेजवर लढलेल्या त्या मावळ्यांचे एकही चित्र उपलब्ध नाही. कोणत्याही नटाचा चेहरा त्यांना चिकटलेला नाही. लाकूड पोखरणारे ते हात कोणाचे होते, रात्री तटावर जागणारे ते डोळे कसे होते, हे कोणालाच ठाऊक नाही. कॉलेज रोडवरच्या त्या मुलीने आपली चित्रवही घेऊन एका पहाटे रामशेज चढावा, तटावर बसावे आणि त्या अनाम मावळ्याचे चित्र काढावे. समोर नक्कल करायला कोणाचाही चेहरा नसेल. तेव्हा तिला तो चेहरा गडाच्या दगडात, गडाखालच्या शेतकऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यांत आणि कदाचित स्वतःच्या आजोबांच्या डोळ्यांत शोधावा लागेल. तो ज्या दिवशी तिला सापडेल, त्या दिवशी तिचा छंद संस्कार झालेला असेल. तिच्या शेजारी गडाच्या पायऱ्या चढायला घरातले कोणी वडीलधारे आणि वस्तीतला एखादा कार्यकर्ता असेल ना, एवढेच आता समाजाने पाहायचे आहे.